जुळलेलं दूध

तिचं नाव कळायच्या आधीपासूनच मला तिचा हेवा वाटायला लागला होता. माझ्या कॉम्प्युटरवर ती नुसती द-३१ होती. 'द' म्हणजे दात्री. हा क्रमांक तिला मीच दिला, कारण आमच्या दूधपेढीचा सगळा डेटाबेस माझ्याच हातचा. तो बांधला तेव्हा मी पाचव्या महिन्यात होते, आणि आपलंच मूल त्या टेबलात येऊन बसेल हे स्वप्नातही नव्हतं.

निहार सातव्या महिन्यात झाला. बाराशे ग्रॅमचा. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत, नाकात नळी घालून पडलेला. आमचं घर कऱ्हाडातच, हॉस्पिटलपासून जवळ, पण मी तिथे फक्त अंघोळीला जायचे. पेटीशेजारी दिवसभर बसू देत नाहीत. मग मी खाली दूधपेढीत यायचे आणि माझ्या रजेत माझ्या जागी आलेल्या मुलीने घालून ठेवलेला गोंधळ निस्तरत बसायचे. हात चालू असले की डोकं जरा गप्प राहायचं.

डेटाबेसमध्ये तीन टेबलं होती: दात्रींचं, बाळांचं आणि बाटल्यांचं. टेबलं सुटी असली की त्यांना एकमेकांचं काही कळत नाही. कुठली बाटली कुणाची, कुणासाठी, काही नाही. म्हणून त्यांच्यात रिलेशन बांधायचं. स्क्रीनवर प्रत्येक टेबल एक चौकट म्हणून दिसतं, आणि एका चौकटीतून दुसरीत रेघ ओढली की ती जोडली जातात. दात्री आणि बाटल्यांमधल्या रेघेच्या एका टोकाला एक, दुसऱ्याला अनेक, कारण एक बाई पुष्कळ बाटल्या देते. दात्री आणि बाळ यांच्यातल्या रेघेला मात्र मी दोन्ही टोकांना 'एक'च ठेवला होता. एका बाळाला एक दात्री, एका दात्रीला एक बाळ. तिसरं कुणी मध्ये घालायला गेलं तर सॉफ्टवेअर घ्यायचंच नाही. या नीटनेटकेपणाचा मला तेव्हा केवढा अभिमान होता!

हे सगळं एका साध्या डेस्कटॉपवर, इंटरनेटशिवाय. कुणाचं दूध कुणाला गेलं ही माहिती बाहेर जाता कामा नये असा नियम झालाय. नावांचं टेबल तर वेगळंच, आणि त्याचा पासवर्ड फक्त पेढीच्या प्रमुख हिरेमठ मॅडमकडे.

एका बाळाला एकच दात्री का, ते सांगायला हवं. बाळ अंगावर पितं तेव्हा दूध एकाच दिशेने वाहत नाही. चोखताना त्याची जराशी लाळ उलटी आत जाते. त्या लाळेतून आईच्या शरीराला बातमी लागते की याच्या तोंडात कुठले जंतू आहेत, याच्या पोटाला कशाचा धोका आहे. मग पुढच्या दुधात त्याप्रमाणे बंदोबस्त उतरतो. नळीने पिणारं बाळ ही बातमी पाठवूच शकत नाही. त्यासाठी एक चकती निघाली. नखाएवढी, मऊ सिलिकॉनची. सगळे तिला टिकलीच म्हणतात. बाळाच्या जिभेवर क्षणभर टेकवायची, जंतू मारून घ्यायची (त्यांची ओळख तेवढी मागे राहते), आणि दात्रीच्या पंपात बसवायची. पंप दूध ओढता ओढता मधूनच एखादा थेंब उलटा आत ढकलतो, बाळासारखाच. आठवड्याभरात त्या बाईचं दूध त्या बाळापुरतं बदलतं. आम्ही त्याला जुळलेलं दूध म्हणतो, आणि किती जुळलं ते शंभरपैकी मोजतो.

पहिल्या आठवड्यात निहारला पेढीचं साधं दूध दिलं होतं. त्याचं पोट फुगलं, कातडी चमकायला लागली, दूध बंद करावं लागलं. हिरेमठ मॅडम म्हणाल्या होत्या, "आतड्याला सूज आहे. पुन्हा असं झालं तर मला सर्जनला बोलवावं लागेल, केतकी." मग द-३१ला त्याची टिकली गेली. तेव्हापासून पोट मऊ.

म्हणजे तिचे उपकारच. आणि नेमका तोच माझा त्रास.

"आज पंचेचाळीस ग्रॅम वाढला!" लीना सिस्टर वॉर्डाच्या दारातूनच ओरडायची. "तुझी द-३१ म्हणजे कामधेनू आहे गं!"

मी हसायचे. हसल्यावर गालफडं दुखायची.

मला दूध कमी. उजवीकडे जवळजवळ नाहीच. डावीकडे बराच वेळ पंप लावला की बाटलीच्या तळाशी वीसेक मिली जमायचं. तेही देता यायचं नाही. वॉर्डात आता हाताने काही पाजत नाहीत. खालच्या मोठ्या फ्रिजमधला यांत्रिक हात टेबल वाचून बाटली उचलतो, तपासतो, वर पाठवतो. टेबलात नसलेलं दूध त्याच्या लेखी नसतंच. आणि टेबलात पन्नास मिलीच्या खालची नोंद होत नाही. थेंब-थेंब बाटल्यांनी फ्रिज भरू नये म्हणून हा नियमही मीच लिहिलेला. एकदा माझा आकडा टाकून पाहिला होता. लाल चौकट आली. 'किमान ५० मिली आवश्यक.' शब्द माझेच. मॅडमना विचारता आलं असतं, पण तेवढंसं घेऊन कुणाच्या समोर उभी राहू? मी ते बेसिनमध्ये ओतायचे आणि नळ जोरात सोडायचे.

"कुणाचं का असेना, अंगाला लागतंय ना त्याच्या?" माझा नवरा मिहीर म्हणायचा.

"असं? मग जन्मदाखल्यावर बापाच्या जागी कुणाचंही नाव घालू या. वाढतोय तर खरा."

"हे काय आता, केतकी?"

"काही नाही. जेव तू."

सहाव्या आठवड्यात निहारला रोज थोडा वेळ पेटीबाहेर काढायला लागले. वॉर्डाशेजारच्या खोलीत मी खुर्चीत रेलायचे, आणि सिस्टर त्याला माझ्या छातीशी उघडा ठेवून वरून पट्टा बांधायची. तो बेडकाच्या पिल्लासारखा चिकटून पडायचा. डोळे मिटलेले, हालचाल नाही. दिवसातला तेवढा वेळ तो फक्त माझा असायचा.

त्या दिवशी दार ढकलून एक बाई डोकावली. रुंद खांद्यांची, ओल्या केसांचा अंबाडा घातलेली. "सॉरी हं. दूधपेढी कुठेशी आहे? एरवी बाटल्या घरून घेऊन जातात, त्यामुळे कधी बघितलीच नाही."

मी सांगायला तोंड उघडलं आणि निहार हलला. इतका वेळ गोळा होऊन पडलेला तो, त्याने गाल माझ्या छातीवरून उचलला आणि मान दाराकडे वळवली. ओठ उघडले. जीभ पुढे आली. ती बाई जराशी डावीकडे सरकली, तर याचं डोकं तिच्यामागून सरकलं. तिच्या कुर्त्यावर छातीशी ओला डाग पसरत होता.

तान्ह्या मुलांना ओळखीच्या दुधाचा वास लांबूनही येतो, हे मला पाठ होतं. आमच्या माहितीपत्रकात ते वाक्य मीच घातलं होतं.

मी त्याचं डोकं हलकेच माझ्याकडे फिरवलं. त्याने ते परत तिकडे नेलं. दोन किलोसुद्धा नसलेल्या माणसात एवढा हट्ट!

"तिसऱ्या मजल्यावर," मी म्हणाले. "लिफ्टमधून उतरलात की उजवीकडे."

ती गेली. मी सिस्टरला हाक मारून निहारला पेटीत ठेवायला लावलं आणि जिन्याने खाली तळमजल्यावर धावले. दूधपेढी तिथेच आहे, जिन्याच्या मागे.

डोक्यात एकच गोष्ट होती, त्याला दुसरी दात्री द्यायची. कुठलीही, जिचा वास मला माहीत नाही अशी. निहारच्या नोंदीत द-३१ खोडून मी द-४४ घातलं. सॉफ्टवेअरने नकार दिला. ही दात्री आधीच एका बाळाशी जोडलेली आहे. कुठल्या, ते बघितलं. नऊ नंबरच्या पेटीतली मुलगी, निहारहूनही लहान. तिची आई रोज वॉर्डाबाहेरच्या बाकावर स्वेटर विणत बसते. द-३८ घातलं, तिथेही कुणीतरी होतं. एकास एक. माझीच रेघ.

मग मी द-३१चीच नोंद निवडली आणि डिलीटचं बटण दाबलं.

समोर सूचना आली: या दात्रीशी जोडलेल्या अडुसष्ट बाटल्यांच्या नोंदीही पुसल्या जातील. पुढे जायचं? हीसुद्धा सोय मीच केली होती. एखाद्या दात्रीला आजार निघाला तर तिच्या सगळ्या बाटल्या एका झटक्यात बाद व्हाव्यात म्हणून. नोंद गेली की फ्रिजचा हात ती बाटली उचलून ओतून टाकतो. अडुसष्ट बाटल्या, सगळ्या निहारच्या. मी 'होय' या अक्षरांकडे बघत बसले. त्याचं फुगलेलं पोट आठवत होतं. बोट मात्र माउसवरून उठत नव्हतं.

"तिसऱ्या मजल्यावर प्लास्टर घालतात, मॅडम."

दारात तीच. मी घाईने 'नाही' दाबून खिडकी बंद केली.

"माझी चूक झाली," मी म्हणाले.

"होतं हो." ती समोरच्या खुर्चीत बसली, न विचारता. "मी विभा इंगवले. तलावावर मुलांना पोहायला शिकवते. माझं नाव काढून टाका इथून. मला बंद करायचंय."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय बंद करायचंय?"

"दूध देणं. आजपासून." तिने हातातल्या पिशवीतून पंप काढून माझ्या टेबलावर ठेवला. "घरी माझी चिनू आहे, पाच महिन्यांची. आता उजव्या अंगाला घेतली की तोंडच लावत नाही. डावीकडे चार घोट घेते आणि मान फिरवते. रडून रडून लाल होते. माझ्याकडे अशी बघते, जशी मी कुणी परकी बाई आहे. आणि पंप लावला की बदाबदा! कुणासाठी? तर त्या पेटीतल्यासाठी. त्याच्यासाठी गोड आणि माझ्या पोरीला कडू. सासूबाई म्हणतात, वाटीने पाज. मी का वाटीने पाजू? मला काय आटलंय?" तिने पंप माझ्याकडे सरकवला. "सांगू नये, पण त्या बाळाचा मला एवढा राग येतो! एवढंसं असेल ते. तरी त्याच्यावर जळते मी."

ज्यासाठी मी जिना धावत उतरले होते, ते ही बाई आयतं घेऊन आली होती. मी फक्त मान डोलवायची होती.

"थांबा," मी म्हणाले. "पाणी देऊ?"

"पाणी नको. सही कुठे करायची ते सांगा."

"आणखी तीन आठवडे द्या. फक्त तीन. तोवर तो तोंडाने प्यायला लागेल."

"तीन आठवड्यांत चिनू अंगावरून सुटली तर? तुमच्या घरचं असतं म्हणजे कळलं असतं तुम्हाला."

"माझ्याच घरचं आहे."

असं सांगायला बंदी आहे. ती बंदी मी नव्या मुलींना शिकवते. विभाने पंपावरचा हात काढला.

"मघाशी छातीशी बांधलेला?"

"हो."

"त्याने मान वळवली."

"तुम्ही बघितलंत?"

"बघायला कशाला हवं? पान्हा फुटला मला तिथेच. म्हणून तर बाजूला सरकले. म्हटलं त्या आईला काय वाटेल."

"मी तुम्हाला मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर पाठवलं."

"ते प्लास्टर बघितलं तेव्हाच लक्षात आलं." ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मला मात्र हसू येईना. माझं मन तिच्या एका वाक्याला अडकून बसलं होतं. उजवीकडे तोंडच लावत नाही, डावीकडे चार घोट. म्हणजे चिनूला दोन्हीकडचं सारखं लागत नव्हतं. माझ्या स्वतःच्या दोन बाजू कुठे सारख्या होत्या? एक आटलेली, एक अजून झगडणारी.

"टिकली दोन्हीकडे लावता?"

"तुम्हीच सांगितलंय तसं. दोन्हीकडे."

"आणि चिनू?"

"ती पहिल्यापासून डाव्या अंगाचीच. झोपायला तीच बाजू लागते तिला. उजवीकडे वरवर."

"मग दूध दोन बाटल्यांत येत असेल."

"येतं की. मग दोन्ही एकात ओतायचं, असं तुमच्याच कागदावर आहे."

होतंच. कारण माझ्या टेबलात एका वेळच्या दुधाला एकच रकाना होता. एक बाई, एक दूध. आई म्हणजे एक नोंद, असं मी धरून चालले होते. तेही दिवसातून आठ वेळा स्वतःच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या शिव्या घालत असताना.

मी विभाला तशीच हिरेमठ मॅडमकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "रक्त एकच आहे, केतकी. संरक्षक पेशी दोन्हीकडे सारख्याच जाणार."

"जात असतील. पण बातमी ज्या बाजूला येते, तिथेच जास्त थांबत असतील तर?"

"असं कुठे आढळलेलं नाही."

"मॅडम, दोन बाजूंचं वेगळं दूध आपण जुळणीच्या मशीनला कधी दिलंय?"

त्यांनी दोन रिकाम्या बाटल्या पुढे केल्या. विभाने तिथेच पडद्यामागे पंप लावला. दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या. मशीनने निहारशी जुळणी मोजली. उजवी एक्क्याण्णव. डावी चोपन्न. मॅडमनी मशीन पुसलं आणि पुन्हा मोजायला लावलं. आकडे तेच.

"म्हणजे डावीकडे दोघांची ओढाताण चाललीय," मॅडम सावकाश म्हणाल्या. "तिथलं धड याचं नाही, धड तिचं नाही. आणि आपण ते चांगल्यात ओततोय." मग विभाला म्हणाल्या, "डावीकडची टिकली काढ. ते सगळं चिनूचं. उजवं निहारचं. आठवडाभर बघशील?"

"चार दिवस," विभा म्हणाली. "पाचव्या दिवशी चिनू रडली तर मी थांबणार नाही. यांच्यासाठीसुद्धा नाही."

ते चार दिवस मी कसे काढले, विचारू नका. तिच्या मुलीने प्यावं म्हणून मी देवाला हात जोडत होते, आणि तेही ज्या बाईला चार दिवसांपूर्वी पुसून टाकायला निघाले होते तिच्या मुलीसाठी. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. बोलणं नव्हतंच. नुसता गटागटा गिळण्याचा आवाज, आणि मागून विभाचं कुजबुजणं, "ऐकताय ना?"

ऐकलं. असा आवाज निहारने माझ्यापाशी कधी काढला नव्हता.

आता प्रश्न वेगळाच आला. एका बाजूचं दूध निहारला पुरेना. "उरलेलं साधं देऊन बघू," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्यांनाही ते फुगलेलं पोट आठवतंय.

"माझं आहे," मी म्हणाले. "डावीकडचं. एका वेळचं वीस मिली. टिकली लावली तर जुळेल."

"इतके दिवस कुठे जात होतं ते?"

"बेसिनमध्ये."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडणार. "अगं, तू मला विचारायचंस तरी!"

"पन्नासच्या खाली चालत नाही."

"कुणी ठरवलं?"



दुसऱ्या दिवशी डेटाबेस उघडून बसले. जुन्या बाटल्यांच्या नोंदी आधी बाजूला काढून ठेवल्या, आणि मग दात्री आणि बाळं यांच्यातली ती एकास एक रेघ पुसली. नवं टेबल केलं: बाजू. एका बाईच्या दोन, प्रत्येकीचा क्रमांक वेगळा. बाजू आणि बाळं यांच्यामध्ये आणखी एक छोटं टेबल घातलं, ज्यात फक्त जोड्या राहतील. कुठली बाजू, कुठलं बाळ. आता एका बाळाला कितीही बाजू लावता येत होत्या आणि एका बाईच्या दोन बाजू दोन बाळांकडे जाऊ शकत होत्या. पन्नासचा नियम काढून टाकला. शेवटी स्वतःची नोंद केली. द-६०, डावी.

आठवड्याभरात टिकलीने माझं दूधही जुळलं. त्यानंतर विभा उजवीकडची बाटली द्यायला आली ती चिनूला कडेवर घेऊनच. चिनू गुबगुबीत, लाळेने हनुवटी भिजलेली, आणि माझ्या कीबोर्डकडे झेपावत होती. तिला बघून मला बरंही वाटलं आणि तिचे ते गाल बघवतही नव्हते.

"हे काय, आपलं दोघींचं?" विभा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली. निहारच्या नोंदीखाली दोन ओळी होत्या. द-३१ उजवी, एकशे दहा मिली. द-६० डावी, बावीस मिली. सॉफ्टवेअर आपणहून मोठा आकडा वर घेतं.

"हो. फ्रिजचा हात याच क्रमाने बाटल्या उचलतो. वरची आधी. पोट भरलं की खालची बऱ्याचदा तशीच राहते."

बोलता बोलता मी रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं. क्रम उलटला. बावीस वर गेलं, एकशे दहा खाली आलं.

"लहान आधी?"

"थोडं असलेलं आधी संपवावं. लवकर खराब होतं."

विभाने चिनूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि स्क्रीनकडे नीट निरखून पाहिलं. "हे शास्त्र आहे का?"

"नाही," मी म्हणाले, आणि सेव्ह केलं.